बसले म्हणजे जुळले, असे नव्हे

बारावीचे निकाल लागले, प्रवेश परीक्षा आटोपल्या, की अनेक घरांत एक यादी फिरू लागते. मुलाने किंवा मुलीने ती महिनाभर खपून केलेली असते. प्रोसेसर अमुक, ग्राफिक्स कार्ड तमुक, रॅम एवढी, कॅबिनेट काचेचे आणि आत रंगीत दिवे. गेम खेळण्यासाठीचा कॉम्प्युटर घरीच जोडायचा आहे. ‘पुढे कॉलेजच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल’ असे आईवडिलांना सांगितलेले असते, आणि ते खोटेही नसते. सुटे भाग निवडून जोडले तर पुष्कळदा त्याच पैशांत अधिक चांगले यंत्र मिळते. मग कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारते, कुणी ऑनलाइन मागवते. रक्कम सहज पाच आकडी, कधी सहा आकडी होते.

पालकांचा प्रश्न एकच असतो: ‘हे सगळे एकमेकांना लागेल ना?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त ‘लागणे’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे भाग जागेवर बसणे आणि दुसरी म्हणजे तो जुळणे. जो भाग बसतच नाही, तो दुकानात परत जातो आणि फार तर एक फेरी वाया जाते. जो बसतो पण जुळत नाही, तो पैसे बुडवतो आणि क्वचित जिवावरही बेततो.

खाच कशासाठी असते?

रुग्णालयात भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर बसवतात, तसेच नायट्रस ऑक्साइडचेही. घाईत एकाच्या जागी दुसरे बसले तर रुग्णाचा प्राण जाऊ शकतो. म्हणून यंत्राच्या पकडीवर दोन खुंट्या असतात आणि सिलिंडरच्या तोंडाशी त्यांच्यासाठी दोन भोके. ऑक्सिजनसाठी खुंट्यांची जागा दुसरी आणि पाचवी, नायट्रस ऑक्साइडसाठी तिसरी आणि पाचवी. चुकीचे सिलिंडर त्या जागी बसतच नाही. माणूस थकलेला असो की घाईत, चूक करण्याची सोयच ठेवलेली नाही.

कॉम्प्युटरच्या भागांवरच्या खाचा याच विचाराने केलेल्या आहेत. रॅमचे उदाहरण घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या डेस्कटॉप रॅमच्या पट्ट्या दिसायला सारख्या, दोन्हींना २८८ संपर्कबिंदू. पण पहिलीला १.२ व्होल्ट लागतात, दुसरीला १.१ व्होल्ट, आणि विजेची आतली व्यवस्थाही वेगळी. म्हणून पट्टीच्या कडेची खाच थोडी सरकवलेली आहे. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, हा जोडणीचा पहिला नियम. आत बसायला नकार देणारा भाग बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

यादीची सुरुवात या जोडीने करावी, कारण बाकीचे बरेच काही तिच्यावर ठरते. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले डेस्कटॉप प्रोसेसर एएम५ सॉकेटमध्ये बसतात. त्याला १,७१८ संपर्कबिंदू आहेत. त्याआधीचे एएम४ सॉकेट १,३३१ पिनांचे होते आणि त्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असत. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी ते बदलून एलजीए १८५१ झाले.

सॉकेट ठरले की रॅमही बरीचशी ठरते. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे मदरबोर्ड मात्र काही डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे निघाले. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून खोक्यावरचे शेवटचे अक्षरसुद्धा वाचावे लागते.

इथेच ‘बसते पण जुळत नाही’चा पहिला आणि तुलनेने सौम्य प्रकार भेटतो. मदरबोर्डवर बायोस नावाचा एक मूळ प्रोग्राम असतो. यंत्र सुरू होताना कोणते भाग हजर आहेत, हे तो ओळखतो. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नव्या पिढीचा असेल, तर सॉकेट तेच असूनही बायोस त्याला ओळखत नाही. सगळे नीट बसलेले असते, पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. बायोस अद्ययावत केला की प्रश्न सुटतो. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारावे: हा बोर्ड या प्रोसेसरला आहे त्या स्थितीत चालेल का? मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरची आणि त्याला लागणाऱ्या बायोसच्या आवृत्तीची यादी असते. ती दहा मिनिटे वाचली तर पुढचे दोन दिवस वाचतात.

इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते, त्यात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. ‘ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ’ असा विचार असेल तर तोपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.

सारखे दिसणारे, वेगळे वागणारे

माहिती साठवणारी एसएसडी आता च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते; एम.२ या नावाने ती ओळखतात. सर्वांत जास्त वापरात असलेली पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. पण याच आकारात दोन जाती आहेत: जुन्या साटा पद्धतीने बोलणारी आणि वेगवान एनव्हीएमई पद्धतीने बोलणारी. मदरबोर्डवरची जागा फक्त एनव्हीएमईची असेल तर साटा पट्टी तिथे छान बसते, स्क्रूही लागतो, आणि कॉम्प्युटर म्हणतो, इथे काहीच नाही. नुकसान काही होत नाही, पण गोंधळ खूप उडतो.

खरा धोका वायरींत आहे. चांगल्या प्रतीच्या अनेक एसएमपीएसना, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्यांना, सुट्या वायरी येतात. लागतील तेवढ्याच जोडायच्या, बाकीच्या पिशवीत ठेवायच्या. या वायरींचे एक टोक मदरबोर्डला, डिस्कला किंवा ग्राफिक्स कार्डला लागते. ते टोक सर्व कंपन्यांचे ठरलेल्या मापाचे आणि ठरलेल्या क्रमाचे असते. दुसरे टोक एसएमपीएसला लागते, आणि त्या टोकाच्या क्रमाला कसलेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीने जिथे १२ व्होल्ट दिले, तिथे दुसरीने ५ व्होल्ट किंवा शून्य दिलेले असू शकते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक आढळतो. प्लग मात्र बेमालूम बसतो.

त्यामुळे जुना एसएमपीएस बदलून नवा बसवताना ‘वायरी त्याच राहू देत, कोण सगळ्या काढणार’ असे म्हटले, की ५ व्होल्टच्या अपेक्षेत असलेल्या डिस्कवर १२ व्होल्ट पोहोचू शकतात. चालू करताच डिस्क जाते आणि तिच्यावरचे फोटो, प्रोजेक्ट, सगळेच जाते.

वैद्यकात याचे सर्वांत जुने उदाहरण रक्ताचे आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध मांडला. त्याबद्दल १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याआधी रक्त चढवणे हा जुगार होता. ‘ओ’ गटाच्या रुग्णाला ‘ए’ गटाचे रक्त लावले तर पिशवी तीच असते, नळी तीच, सुई तीच. रक्त वाहतेही सुरळीत, आणि शरीरात शिरल्यावर तांबड्या पेशी फुटू लागतात. नळीच्या आकाराने इथे काहीच अडवले जात नाही. म्हणून प्रत्येक पिशवी देण्याआधी रक्तपेढीत जुळणी तपासतात आणि रुग्णाच्या खाटेशी नाव-क्रमांक पुन्हा वाचतात. आकार जिथे चूक रोखत नाही, तिथे वाचून खात्री करणे एवढाच उपाय उरतो. एसएमपीएसच्या वायरींचा नियमही तोच: ज्या डब्यासोबत आल्या, त्याच डब्याला लावायच्या. डबा बदलला की सगळ्या वायरी बदलायच्या, आणि जुन्या वायरींची पिशवी जुन्या डब्यासोबतच बांधून ठेवायची.

एसएमपीएस: यादीतला दुर्लक्षित भाग

खर्च हाताबाहेर जाऊ लागला की सर्वांत आधी कात्री एसएमपीएसला लागते. तो दिसत नाही, त्यामुळे गेम वेगाने चालत नाही, आणि मित्रांना दाखवण्यासारखे त्यात काही नसते. पण इतर प्रत्येक भागाला जाणारी वीज त्याच्यातूनच जाते.

किती वॅटचा घ्यावा, याचा हिशेब सोपा आहे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर पूर्ण भारावर सुमारे ८८ वॅट घेतो. आरटीएक्स ४०६० हे मध्यम ग्राफिक्स कार्ड ११५ वॅटचे आहे. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांचे ५०-६० धरा. बेरीज २६० वॅटच्या आसपास. या कार्डासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस आहे, म्हणजे जवळपास निम्म्या भारावर तो आरामात चालतो. ग्राफिक्स कार्डाची मागणी काही क्षण अचानक उसळते, त्यासाठी ही मोकळीक हवी. आरटीएक्स ४०९० सारखे कार्ड एकटेच ४५० वॅट घेते; तिथे हा हिशेब पूर्ण बदलतो. २०२२ च्या अखेरीस याच कार्डाचे वीज-प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. पूर्ण आत न गेलेला प्लग हे त्यामागचे एक कारण निघाले. इतका प्रवाह अर्धवट टेकलेल्या पिनांतून गेला की तिथेच उष्णता साठते.

डब्यावरचे ‘८० प्लस’ हे चिन्ह कार्यक्षमता सांगते. ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस निम्म्या भारावर घेतलेल्या विजेपैकी किमान ८५ टक्के वीज पुढे पोहोचवतो, उरलेली उष्णता होते. पण हे चिन्ह सुरक्षिततेची हमी देत नाही. दाब वाढला किंवा शॉर्ट झाले तर आपोआप बंद होण्याची सोय आहे का, हे वेगळे पाहावे लागते. बिननावाच्या स्वस्त डब्यावर ‘६५० वॅट’ छापायला काहीच लागत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही; पंखा साफ करायलाही नाही आणि प्लग काढून ठेवला असला तरीही नाही. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि त्या दाबाची वीज आतल्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ टिकू शकते. तो धक्का हृदयाचा ताल बिघडवायला पुरेसा ठरू शकतो.

झिणझिण्या हे लक्षण आहे

‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ अशी तक्रार अनेक घरांत असते आणि ‘थोडासा करंट येतोच’ म्हणून ती सोडून दिली जाते. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. ते किंचित प्रवाह अर्थिंगच्या वायरीत सोडतात. घरात अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल, तिसरी पिन तोडलेली असेल किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असेल, तर कॅबिनेटचा पत्रा जमिनीच्या तुलनेत शंभराहून अधिक व्होल्टवर तरंगत राहतो आणि हात लावणाऱ्या माणसातून वाट शोधतो.

हा प्रवाह फार थोडा असतो. एक मिलिअँपिअरच्या आसपास त्वचेला झिणझिण्या जाणवतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. शंभराच्या घरात हृदयाच्या कप्प्यांचे आकुंचन विस्कळीत होऊन रक्ताभिसरण थांबू शकते. झिणझिण्यांनी कुणी दगावत नाही, पण संरक्षणाची वाट बंद आहे हे त्या सांगतात. उद्या आतली वायर सोलवटून पत्र्याला टेकली, तर पुढचा धक्का झिणझिण्यांचा नसेल. कॉम्प्युटर मागवण्याआधी वायरमनकडून त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आहे का, तेही विचारावे. यादीतल्या कोणत्याही भागापेक्षा हा खर्च कमी आहे.

यूपीएसचीही जुळणी पाहावी लागते. ‘६०० व्हीए’ लिहिलेला छोटा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि त्यात मॉनिटरही धरायचा असतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर विजेची लहर गुळगुळीत न देता पायऱ्यापायऱ्यांची देतात. काही एसएमपीएसना ती मानवत नाही. मग वीज जाताच यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो.

कॅबिनेट, हवा आणि उन्हाळा

मदरबोर्डचे माप आणि कॅबिनेटचे माप जुळायला हवे. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा, मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. त्यानंतर दोन मापे पाहायची: कॅबिनेटमध्ये किती लांबीचे ग्राफिक्स कार्ड आणि किती उंचीचा कूलर मावतो. दोन्ही आकडे कॅबिनेटच्या माहितीपत्रकात असतात.

पण मावणे म्हणजे थंड राहणे नव्हे. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक मर्यादेत ठेवतो. समजा हा फरक ४५ अंशांचा आहे. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर राहील, तर विदर्भातल्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ वर. रायझन ७००० ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोहोचल्यावर तो स्वतःच वेग उतरवतो. थंड देशातल्या परीक्षणात उत्तम ठरलेले, पुढून काचेने बंद असलेले कॅबिनेट आपल्याकडे म्हणूनच घुसमटते. पुढे जाळी, हवा आत घेणारे पंखे समोर आणि बाहेर टाकणारा मागे, ही साधी रचना बरी. तेच कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबले तर सगळा हिशेब फुकट. वापरलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. ३०० वॅटवर चाललेला कॉम्प्युटर म्हणजे त्या खोलीत आणखी तीन माणसे बसल्यासारखे आहे.

शेवटचा भाग: समोर बसणारा

मॉनिटर निवडताना ६०, १४४, २४० हर्ट्झ असे आकडे समोर येतात. ६० हर्ट्झवर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२ मिलिसेकंदांनी. पहिली उडी दहा मिलिसेकंदांची, डोळ्यांना सहज जाणवणारी. दुसरी तीनपेक्षाही कमी. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे २५० मिलिसेकंद लागतात. स्पर्धेत उतरणारे खेळाडू सोडले, तर दुसऱ्या उडीचे पैसे चांगल्या एसएमपीएसवर आणि खुर्चीवर अधिक सत्कारणी लागतात. शिवाय मध्यम ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ८० चित्रेच तयार करत असेल, तर २४० हर्ट्झचा पडदा दाखवणार काय? मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची, मदरबोर्डला नव्हे, हेही इथेच सांगून ठेवावे. महागडे कार्ड घेऊन महिनोन् महिने ते न वापरणारी घरे आहेत.

पडद्याचा आकार टेबलाच्या खोलीशी जुळवावा. डोळे आणि पडदा यांत ५० ते ७० सेंटिमीटर अंतर हवे. अरुंद टेबलावर ३२ इंची पडदा ठेवला की मान सतत डावी-उजवीकडे वळते. तिथे २४ इंची पुरतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले. हेडफोनच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यांचा सुटा भाग मिळत नाही.

यादी हातात आली की पालकांनी या क्रमाने विचारावे. प्रोसेसर आणि बोर्डचे सॉकेट एक आहे का, बायोस त्याला ओळखतो का? रॅमचा प्रकार बोर्डशी जुळतो का? कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का? वॅटची बेरीज केली का, एसएमपीएस नावाजलेला आहे का, वायरी त्याच्याच आहेत का? अर्थिंग तपासले का? टेबल आणि खुर्ची कोणती? मूल पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे धडाधड देईल, कारण ती त्याने पाठ केलेली असतात. शेवटच्या दोन प्रश्नांवर ते थांबले, तर खरेदी आठवडाभर पुढे ढकलून आधी वायरमनला बोलवावे.